गॅमा टायटॅनियम ॲल्युमिनाइडची गरम टेस्ट कशी करायची: हीट ट्रीटमेंटपासून क्रीपच्या आकड्यापर्यंत

टायटॅनियम ॲल्युमिनाइडवर काम सुरू करणारी एमटेक-पीएचडीची मुलं बहुतेक सरळ युटीएमपाशी (सॅम्पल ओढून ताकद मोजणारं मशीन) जाऊन उभी राहतात, फर्नेस आहे, सॅम्पल आहे, ७५० डिग्रीला ओढून बघू म्हणतात, आणि मग आकडे असे विखुरलेले येतात की एकाच पट्टीतून कापलेल्या दोन सॅम्पलमध्ये १०० मेगापास्कलचा फरक दिसतो. त्यात मशीनचा दोष फार कमी वेळा असतो. हे मटेरियल ७५० डिग्रीला चांगलं वागतं, पण तिथपर्यंत पोचायच्या आधी ते रूम टेंपरेचरला कापलं जातं, घासलं जातं, पकडलं जातं, आणि रूम टेंपरेचरला याचं इलाँगेशन जेमतेम एक-दोन टक्के असतं. म्हणजे गरम टेस्टचा निकाल अर्ध्याहून जास्त थंड अवस्थेतच ठरतो. म्हणून हा लेख मुद्दाम तिथूनच सुरू करतोय.

उदाहरणाला आपण ४८-२-२ हाच ॲलॉय धरू, म्हणजे ॲटमिक टक्क्यात ४८ ॲल्युमिनियम, २ क्रोमियम, २ नायोबियम, बाकी टायटॅनियम. जीई कंपनीने काढलेला हा ॲलॉय जीईएनएक्स इंजिनाच्या लो प्रेशर टर्बाइनच्या शेवटच्या दोन स्टेजच्या ब्लेडमध्ये गेला, ते इंजिन बोइंग ७८७ वर उडतं, नंतर लीप इंजिनातही टीआयएएलची (म्हणजे याच टायटॅनियम ॲल्युमिनाइडची) ब्लेड आली. कारण सरळ आहे: याची घनता साधारण ४ ग्रॅम प्रति घनसेंमी आणि निकेल सुपरॲलॉयची ८ च्या वर. ब्लेड हलकं झालं की डिस्कवरचा ताण कमी, डिस्क हलकी, शाफ्ट हलका, असा फायदा खालपर्यंत जातो. दुसरी बाजूही माहीत असू द्या. प्रॅट अँड व्हिटनीच्या पीडब्ल्यू११०० इंजिनात तिसऱ्या स्टेजची टीआयएएल ब्लेड धक्क्याने तुटायला लागली, शेवटी ती जास्त धक्का सोसणाऱ्या ब्लेडने बदलावी लागली, आणि २०१९ मध्ये आपल्या डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीचा नियामक) इंडिगोला त्यांच्या ए३२० निओ विमानांवर हे बदल मुदत घालून करायला लावले. गरम असताना पुरेशी ताकद आणि धक्क्याला नाजूकपणा, दोन्ही एकाच मटेरियलमध्ये आहेत.

सगळ्यात आधी मायक्रोस्ट्रक्चर ठरवा

"टीआयएएलची ७५० डिग्रीची यील्ड स्ट्रेंग्थ किती?" (म्हणजे किती ताणाला ते कायमचं ताणलं जायला लागतं) हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या मायक्रोस्ट्रक्चरची (मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या आतल्या मांडणीची) ते आधी सांगायला हवं. दोन मुख्य फेज असतात, गॅमा म्हणजे टीआयएएल आणि अल्फा-२ म्हणजे टीआय३एएल. त्या कशा मांडल्यात यावर चार प्रकार पडतात: निअर गॅमा, डुप्लेक्स, निअरली लॅमेलर आणि फुल्ली लॅमेलर. डुप्लेक्समध्ये बारीक गॅमा ग्रेन आणि लॅमेलर कॉलनी (एकाच दिशेच्या पातळ थरांचे, म्हणजे लॅमेलींचे, गट) मिसळलेल्या, रूम टेंपरेचरची डक्टिलिटी (न तुटता ताणलं जाणं) यात सगळ्यात चांगली, पण क्रीप (गरम असताना कायम ताणाखाली हळूहळू लांबत जाणं) सोसण्याची ताकद आणि फ्रॅक्चर टफनेस (क्रॅक पुढे सरकायला होणारा विरोध) कमी, टफनेस साधारण १० ते १६ मेगापास्कल रूट मीटर. फुल्ली लॅमेलरमध्ये उलट, टफनेस २० ते ३० पर्यंत जातो, क्रीप चांगला, डक्टिलिटी कमी. त्यामुळे आधी स्वतःला विचारा की तुम्हाला काय मोजायचंय. क्रीप मोजायचा असेल आणि हातात डुप्लेक्स असेल तर जो आकडा येईल तो खरा असेल, पण तो ॲलॉयचा नाही, त्या डुप्लेक्सचा असेल.

हीट ट्रीटमेंट अल्फा ट्रान्सस या तापमानाच्या हिशोबाने ठरते. ट्रान्ससच्या वर नेलं की सगळं अल्फा होतं आणि थंड होताना लॅमेली बनतात, खाली अल्फा अधिक गॅमा भागात ठेवलं की डुप्लेक्स. पण हा ट्रान्सस ॲल्युमिनियमवर फार अवलंबून असतो, एक टक्का इकडचं तिकडे झालं की वीस-तीस डिग्रीने सरकतो, आणि व्हॅक्यूम आर्क मेल्टिंगमध्ये ॲल्युमिनियम थोडं उडतंच. म्हणून कागदावरचं ४८ धरून फर्नेस सेट करू नका, इनगॉटच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागाचं केमिकल ॲनालिसिस करून घ्या, सोबत ऑक्सिजनही मोजून घ्या, ऑक्सिजन वाढला की डक्टिलिटी जातेच. मग छोटे छोटे तुकडे दहा-दहा डिग्रीच्या अंतराने हीट ट्रीट करून एसईएममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) बॅकस्कॅटर मोडवर बघा, अल्फा-२ उजळ दिसतं, गॅमा गडद. दोन दिवस जातात पण पुढचे सहा महिने वाचतात.

कास्ट किंवा प्रिंटेड मटेरियल असेल तर हिप (गरम असताना सगळ्या बाजूंनी वायूचा दाब देणं) करूनच घ्या, १२०० डिग्रीच्या आसपास, १०० मेगापास्कलच्या वर, काही तास. आतली पोकळी राहिली तर तुम्ही मटेरियल नाही, पोकळी टेस्ट करताय.

आणि एक हिशोब लोक विसरतात. ट्रान्ससच्या वर अल्फा ग्रेन फार वेगाने वाढतात, थोडा वेळ जास्त झाला की कॉलनी अर्ध्या-एक मिलिमीटरची होते, मग गेजच्या (सॅम्पलच्या मधल्या, मोजमापाच्या बारीक भागाच्या) ४ मिमी व्यासात फक्त चार ते आठ कॉलनी येतात. लॅमेलर कॉलनीची ताकद दिशेवर प्रचंड बदलते, लॅमेली लोडला समांतर किंवा काटकोनात असतील तर कडक आणि तिरक्या ४५ अंशाच्या आसपास असतील तर मऊ. हे क्योटोमध्ये यामागुची यांच्या ग्रुपने एकाच दिशेच्या लॅमेली असलेले पीएसटी क्रिस्टल वाढवून स्पष्ट दाखवलं. नंतर २०१६ मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या ग्रुपने ४५ ॲल्युमिनियम ८ नायोबियमच्या ॲलॉयमध्ये लॅमेलीची दिशा जुळवून रूम टेंपरेचरला ६.९ टक्के डक्टिलिटी आणि ९०० डिग्रीला ६३७ मेगापास्कल यील्ड मिळवली, दिशेत केवढी ताकद आहे ते यावरून लक्षात येईल. तुमच्या पॉलीक्रिस्टल सॅम्पलमध्ये मात्र दिशा नशिबावर असते, म्हणून गेजच्या व्यासात निदान दहा कॉलनी याव्यात असा ढोबळ हिशोब ठेवा. नाही जमलं तर जाड सॅम्पल घ्या, किंवा थोडं बोरॉन असलेला ॲलॉय घ्या, त्यात कॉलनी बारीक राहतात.

सॅम्पल कापणं आणि पृष्ठभाग

हीट ट्रीटमेंट आधी, मशीनिंग नंतर. उलटं केलंत तर पृष्ठभागावर ऑक्सिजन शोषलेली ठिसूळ कातडी राहते आणि क्रॅक तिथूनच निघतो.

आपल्याकडे भोसरी-चाकणला वायरकटवाले (तारेच्या विजेच्या ठिणगीने कापणारे) भरपूर आहेत, आणि टीआयएएल वायरकटवर कापायलाच सोपं पडतं. पण वायरकटने जो रीकास्ट (वितळून परत गोठलेला) थर बसतो त्यात बारीक भेगा असतात. स्टीलमध्ये चालून जातं, इथे अजिबात नाही. म्हणून वायरकटचं माप मुद्दाम मोठं ठेवा आणि बाजूने निदान ०.१ ते ०.२ मिमी हळूहळू ग्राइंड करून काढा, कूलंट भरपूर, कट अगदी कमी, ठिणग्या उडवत घाईत केलं की ग्राइंडिंग क्रॅक पडतात आणि ते साध्या डोळ्याला दिसत नाहीत. वर्कशॉपवाल्याला हे आधीच समजावून सांगा, त्याला वाटतं टायटॅनियम म्हणजे नेहमीचं टायटॅनियम, आणि तो त्याच फीडने चालवतो.

शेवटचं पॉलिशिंग नेहमी लांबीच्या दिशेने. आडवे ओरखडे राहिले तर प्रत्येक ओरखडा छोटी नॉच (खाच) आहे. ६००, १२०० पेपर, मग डायमंड पेस्ट, आणि लॅबमध्ये सोय असेल तर इलेक्ट्रोपॉलिश. त्याला परक्लोरिक ॲसिड, ब्युटेनॉल आणि मेथॅनॉलचं मिश्रण वापरतात, ते उणे ३० डिग्रीच्या खाली थंड ठेवूनच वापरायचं, परक्लोरिक आणि ऑरगॅनिक एकत्र गरम झाले तर स्फोट होऊ शकतो, त्यामुळे अनुभवी माणूस बाजूला नसेल तर हे करूच नका, चांगलं मेकॅनिकल पॉलिशही पुरतं. एचिंगच्या क्रॉल रीएजंटमध्ये एचएफ (हायड्रोफ्लोरिक ॲसिड) असतं, हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल टेबलावर असल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

पकडायचं कसं

वेज ग्रिपच्या दातांत टीआयएएल पकडू नका, दात रुततात तिथेच क्रॅक सुरू होतो. बटन-हेड सॅम्पल सगळ्यात बरं. थ्रेडेड करायचं असेल तर थ्रेडच्या मुळाशी गोलाई ठेवा आणि थ्रेडचा व्यास गेजच्या निदान दुप्पट घ्या, नाहीतर सॅम्पल थ्रेडमध्येच तुटेल. पुल रॉड निकेल सुपरॲलॉयचे असतात, ते आणि टायटॅनियम गरम अवस्थेत बराच वेळ एकमेकांना चिकटून राहिले की रिॲक्शन होते. बोरॉन नायट्राइडचा स्प्रे मारा, टेस्ट झाल्यावर सॅम्पल सुटतंही सहज.

आता अलाइनमेंट, जिथे बहुतेक डेटा खराब होतो. गोल सॅम्पलवर लोड मध्यापासून थोडा सरकला तर बेंडिंग स्ट्रेस आणि सरळ स्ट्रेस यांचं गुणोत्तर आठ गुणिले सरकलेलं अंतर भागिले व्यास, इतकं साधं सूत्र आहे. ४ मिमी व्यासाला फक्त ०.०५ मिमी सरकलं तर ८ × ०.०५ ÷ ४ म्हणजे १० टक्के बेंडिंग. केसाच्या जाडीइतकं सरकलं की एका बाजूला ४०० ऐवजी ४४० मेगापास्कल. माइल्ड स्टील हे यील्ड होऊन पचवतं, टीआयएएल रूम टेंपरेचरला पचवत नाही, तुटतं. म्हणून आधी त्याच मापाच्या डमी सॅम्पलवर चारी बाजूंनी स्ट्रेन गेज लावून बेंडिंग मोजा, १० टक्क्यांच्या खाली आणा, मगच खरं सॅम्पल लावा.

गरम करताना

पुल रॉड गरम होऊन लांबतात, आणि क्रॉसहेड (मशीनचा हलणारा आडवा भाग) पोझिशन कंट्रोलवर अडकलेलं असेल तर सगळी लांबी सॅम्पलवर दाब म्हणून येते. म्हणून मशीन लोड कंट्रोलवर ठेवा आणि अगदी छोटा ताण, समजा ५० न्यूटन, कायम ठेवून गरम करा. ही एक सवय लागली तरी पुष्कळ सॅम्पल वाचतील.

थर्मोकपल गेजवर तीन, वर-मध्ये-खाली. स्पॉट वेल्ड करायचं नाही, वेल्डचा ठिपका म्हणजे क्रॅकला आमंत्रण, सिरॅमिक दोऱ्याने घट्ट बांधा म्हणजे मणी सॅम्पलला टेकलेला राहील. टेन्साइलच्या तासा-दोन तासांच्या कामाला के-टाइप चालतो, शेकडो तासांच्या क्रीपला आर किंवा एस टाइपच घ्या कारण के-टाइप हळूहळू वाहवत जातो. एएसटीएम ई२१ (गरम टेन्साइल टेस्टचं स्टँडर्ड) प्रमाणे साधारण १००० डिग्रीपर्यंत अधिक-उणे ३ डिग्रीत राहायचं आणि टेस्टच्या आधी किमान २० मिनिटं सोक द्यायचा, म्हणजे त्या तापमानाला स्थिर ठेवायचं. ओव्हरशूट होऊ देऊ नका, कंट्रोलर आधी डमीवर ट्यून करून घ्या.

टेन्साइल: कुठल्या तापमानाला, किती वेगाने

रूम टेंपरेचर आणि ८०० डिग्री असे दोनच पॉइंट घेऊन काही कळत नाही. मधेच, साधारण ६५० ते ८०० डिग्रीच्या पट्ट्यात, ठिसूळपणातून डक्टिलिटीकडे बदल होतो, म्हणून त्या पट्ट्यात ५०-५० डिग्रीने पॉइंट घ्या: रूम टेंपरेचर, ६००, ६५०, ७००, ७५०, ८००, ८५०. प्रत्येकी निदान तीन सॅम्पल, रूम टेंपरेचरला जास्त, कारण विखुरलेपण तिथे सगळ्यात मोठं असतं.

वेग म्हणजे स्ट्रेन रेट. ई२१ मध्ये यील्डपर्यंत दर मिनिटाला ०.००५ सांगितलाय, २५ मिमी गेजला तो होतो मिनिटाला ०.१२५ मिमी. पण एकाच वेगावर थांबू नका. हा बदल वेगावर अवलंबून असतो, वेग वाढवला की तो वरच्या तापमानाला सरकतो, कारण डिस्लोकेशनचा (स्फटिकातल्या रेषेसारख्या दोषांचा) क्लाइम्ब आणि डिफ्यूजन यांना वेळ लागतो. ७०० डिग्रीला हळू ओढलेलं सॅम्पल छान ताणलं जाईल आणि तेच १०० पट वेगाने ओढलं तर ठिसूळ तुटू शकेल. म्हणून दोन वेग घ्याच, आणि ट्रान्झिशनचं (या बदलाचं) तापमान लिहाल तिथे वेगही लिहा.

क्रॉसहेडवरून स्ट्रेन काढू नका. टीआयएएलचा यंग्ज मॉड्युलस रूम टेंपरेचरला १७० गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे ४०० मेगापास्कलला इलास्टिक स्ट्रेन साधारण ०.२४ टक्के, २५ मिमीवर ०.०६ मिमी. मशीन, रॉड आणि थ्रेड मिळून याच्या कितीतरी पट ताणले जातात. सिरॅमिक रॉडचा एक्स्टेन्सोमीटर (गेजची लांबी मोजणारं साधन) लागतोच, फक्त रॉड जोरात दाबू नका, टोकाचा ओरखडा पडतो.

ग्राफ हातात आला की आधी यील्ड बघा. नेहमीच्या धातूत तापमान वाढलं की यील्ड उतरत जाते, इथे ७०० डिग्रीपर्यंत ती जवळजवळ सपाट राहते. गॅमाच्या सिंगल क्रिस्टलमध्ये तर एका पट्ट्यात ती वाढतेसुद्धा, कारण सुपरडिस्लोकेशन तापमानाने अडकून बसतात. त्यामुळे ६०० आणि ७०० च्या यील्डमध्ये फरक दिसला नाही म्हणून थर्मोकपलवर शंका घेऊ नका. इलाँगेशन मात्र एकदम उडी मारतं, दोन टक्क्यांवरून दोन आकड्यांत जातं. तुटलेला पृष्ठभाग एसईएमखाली बघा, ट्रान्झिशनच्या खाली क्लीव्हेजचे सपाट चेहरे आणि लॅमेलीमधून फाटलेलं दिसेल, वर डिंपल आणि ग्रेनच्या सीमेवरच्या पोकळ्या. सॅम्पल तुटताच फर्नेस उघडून ते काढा, नाहीतर ऑक्साइड चढून काहीच दिसत नाही.

क्रीप: इथे घाई चालत नाही

माझं ठाम मत आहे की टीआयएएलच्या गरम वागण्यातली खरी गोष्ट क्रीपमध्येच आहे, टेन्साइल ही फक्त ओळख. ब्लेड वर्षानुवर्षं ताणाखाली फिरतं, त्याला एका मिनिटाची ताकद विचारून उपयोग नाही.

७०० ते ७६० डिग्री, १५० ते ३०० मेगापास्कल, ही सुरुवातीला बरी रेंज. स्टँडर्ड एएसटीएम ई१३९, तापमान अधिक-उणे २ डिग्री. पण स्ट्रेन नीट मोजायला तेवढंही पुरत नाही, हिशोब बघा: किमान क्रीप रेट सेकंदाला १०⁻⁹ असेल तर २५ मिमी गेज तासाला ०.०९ मायक्रॉन लांबतं. टीआयएएलचं थर्मल एक्स्पान्शन डिग्रीला साधारण ११ दशलक्षांश, म्हणजे एक डिग्री इकडेतिकडे झाली की तेच गेज ०.२७ मायक्रॉन हलतं, तीन तासांच्या क्रीपइतकं! वर एक्स्टेन्सोमीटरचे लांब पाय खोलीच्या हवेत लटकतात, दुपारी एसी बंद झाला की ग्राफवर डोंगर दिसतो. म्हणून खोलीचं तापमानही लॉग करा, त्याच फाइलमध्ये.

टीआयएएलमध्ये प्रायमरी (सुरुवातीचा, मंदावत जाणारा) क्रीप मोठा असतो, आणि मग सरळ सपाट सेकंडरी (स्थिर वेगाचा) असा भाग नीट मिळत नाही, रेट खाली जातो, एका बिंदूला किमान होतो आणि परत चढायला लागतो. त्यामुळे स्ट्रेन-वेळ ग्राफवर पट्टी ठेवून उतार काढू नका, क्रीप रेट विरुद्ध स्ट्रेन असा ग्राफ लॉग स्केलवर काढा आणि त्यातला किमान बिंदू घ्या. आणि प्रायमरी फेकून देऊ नका, डिझाइनवाल्याला अर्धा किंवा एक टक्का स्ट्रेनला किती वेळ लागतो हेच हवं असतं, आणि त्या मर्यादेत प्रायमरीचाच वाटा मोठा असतो.

आकड्यांचा खेळ आता करू. समजा ७६० डिग्रीला २०० वरून ३०० मेगापास्कल केल्यावर किमान रेट ८ पट झाला, तर स्ट्रेस एक्स्पोनंट (ताण वाढला की रेट किती झपाट्याने वाढतो ते सांगणारा आकडा) म्हणजे लॉग ८ भागिले लॉग १.५, साधारण ५.१. ठीक. आता समजा २०० मेगापास्कललाच ७५० वरून ७८० डिग्री केल्यावर रेट ३ पट झाला, त्यातून ॲक्टिव्हेशन एनर्जी (तापमानाने रेट किती बदलतो ते सांगणारा आकडा) येते साधारण ३२८ किलोज्यूल प्रति मोल. लगेच लोक पुस्तक उघडतात, गॅमामध्ये टायटॅनियमच्या डिफ्यूजनला साधारण २५० आणि ॲल्युमिनियमला साधारण ३६०, म्हणजे आपलं ॲल्युमिनियमवर चालतंय असं लिहून मोकळे होतात. थांबा. दोन्ही तापमानं अधिक-उणे २ डिग्रीची आहेत, म्हणजे तुमचा ३० डिग्रीचा फरक खरं तर २६ ते ३४ च्या मधे कुठेही असू शकतो, आणि एनर्जी साधारण २९० ते ३८० च्या मधे कुठेही. दोन तापमानांवरून मेकॅनिझम ठरवू नका, निदान चार घ्या, आणि टीईएममध्ये (पातळ तुकड्याच्या आरपार बघणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) डिस्लोकेशन आणि ट्विन प्रत्यक्ष बघा. टीईएम करायचं असेल तर क्रीपचं सॅम्पल लोड तसाच ठेवून थंड करायचं, लोड काढून थंड केलंत तर आतली मांडणी सुटून जाते.

लार्सन-मिलरबद्दलही तेच, म्हणजे तापमान आणि वेळ एकाच पॅरामीटरमध्ये मांडणाऱ्या सूत्राबद्दल: केल्विनमधलं तापमान गुणिले (स्थिरांक अधिक तासांचा लॉग). ७५० डिग्रीला १००० तास, स्थिरांक २० धरला तर पॅरामीटर १०२३ गुणिले २३, म्हणजे २३५२९. तोच पॅरामीटर १०० तासांत हवा तर तापमान २३५२९ भागिले २२, म्हणजे सुमारे १०७० केल्विन, ७९६ डिग्री. सूत्र म्हणतं की १००० तासांची टेस्ट १०० तासांत उरकेल. पण ७९६ डिग्रीला अल्फा-२ लॅमेली जास्त वेगाने विरघळतात, लॅमेली तुटून गोल होतात, ऑक्सिडेशनही वेगळ्या वेगाने चालतं, म्हणजे तुम्ही वेगळंच मटेरियल टेस्ट केलंत. वेळ वाचवायचा तर स्ट्रेस वाढवून बघा, पण निदान एक टेस्ट खऱ्या तापमानाला, खऱ्या लांबीची चालू ठेवाच.

उरलेली एक टेस्ट, जी बहुतेक जण करत नाहीत

टीआयएएलवर हवेत शुद्ध ॲल्युमिनाचा थर बसत नाही, टायटॅनियम ऑक्साइड आणि ॲल्युमिनाचा मिश्र थर बसतो, त्यातून ऑक्सिजन आत शिरतो. नायोबियम याला बराच आवर घालतं, ४८-२-२ मधलं दोन टक्के नायोबियम त्यासाठीही आहे. पण ७०० डिग्रीला काही तास राहिलेल्या सॅम्पलची रूम टेंपरेचर डक्टिलिटी तरीही घसरते, कारण काही मायक्रॉनची ठिसूळ कातडी तयार झालेली असते. इंजिन रोज गरम होतं आणि रोज थंड होतं, म्हणून हे मोजलंच पाहिजे.

पॉलिश केलेली सहा-आठ सॅम्पल लोड न लावता ७०० डिग्रीला हवेत १०० तास ठेवा आणि थंड करा. अर्धी तशीच रूम टेंपरेचरला ओढा. उरलेल्यांच्या गेजवरून ५० मायक्रॉन लांबीच्या दिशेने पॉलिश करून काढा आणि मग ओढा, स्ट्रेस काढताना व्यास नव्याने मोजायला विसरू नका. पॉलिश केलेल्यांची डक्टिलिटी परत आली तर दोष कातडीचा आहे, मग कोटिंगचा विचार करता येतो. नाही आली तर आतलं मायक्रोस्ट्रक्चरच बदललंय, त्यांचे आडवे छेद घेऊन बॅकस्कॅटरमध्ये अल्फा-२ किती उरलंय ते हीट ट्रीटमेंटनंतर लगेच काढलेल्या फोटोशी ताडून बघा.